लाइट गेली की संगणकांचे पत्ते बदलतात. होस्ट्स फाइल (कुठल्या नावाचा कुठला पत्ता ही यादी) स्क्रिप्टने ताजी कशी ठेवायची?

माळरान (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि शाळेचा संगणक कक्षही सांभाळतो. कक्षात २४ जुने संगणक आहेत, सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्स) आणि जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर. त्यातल्या त्यात बरा असलेला पंचविसावा संगणक सर्व्हर म्हणून कोपऱ्यात चालतो. त्यावर किविक्स वापरून मराठी विकिपीडिया ऑफलाइन ठेवला आहे आणि मुलं तिथे रोज काहीबाही शोधत असतात. संगणकांची नावं लॅब१ ते लॅब२४, सर्व्हरचं नाव वाचनालय.

अडचण पत्त्यांची आहे. पत्ते वाटतो तो इंटरनेटवाल्याने बसवलेला राउटर. त्याचा पासवर्ड आमच्याकडे नाही, मागूनही मिळालेला नाही. लाइट गेली की कुणाला कुठला पत्ता दिला होता हे राउटर विसरतो. लाइट आली की सगळे संगणक एकदम उठतात आणि बऱ्याच जणांचे पत्ते बदललेले असतात. आत्तापर्यंत १९२.१६८.१.३ पासून १९२.१६८.१.२४९ पर्यंत पत्ते पाहिले आहेत.

मागच्या आठवड्यात नववीची चाचणी लॅब७ वर एससीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची आज्ञा) पाठवली, ती उघडली लॅब१५ वर, आणि तिथे आठवीची मुलं बसली होती. तेव्हापासून हे नीट करायचंच असं ठरवलं आहे.

मी लिहिलेली स्क्रिप्ट अशी: आधी १ ते २५४ सगळ्या पत्त्यांना एकेक पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. मग 'एआरपी -एन'ची यादी (कुठला पत्ता कुठल्या मॅकचा) घेऊन ती माझ्याकडच्या फाइलशी जुळवायची. त्या फाइलमध्ये प्रत्येक मॅक पत्त्यापुढे (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) संगणकाचं नाव लिहिलं आहे. मग सेडने (मजकूर शोधून बदलणारी आज्ञा) होस्ट्स फाइलमधल्या त्या नावाच्या ओळीत पत्ता बदलायचा. काम एमकेटेम्पने केलेल्या तात्पुरत्या फाइलवर करतो आणि शेवटी एमव्हीने ती /ईटीसी/होस्ट्सच्या जागी ठेवतो. मग हीच फाइल सगळ्या संगणकांवर पाठवतो. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा) दर १० मिनिटांनी.

तीन गोष्टी समजत नाहीत. लॅब१ चा पत्ता बदलला की लॅब१० ते लॅब१९ सगळ्यांना तोच पत्ता बसतो. हाताने चालवली तर स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून मात्र एकही मॅक सापडत नाही. आणि सर्व्हरवर माझ्या खात्यातून पिंग केलं तर 'नाव सापडत नाही' असं येतं, तेच सुडो लावून (रूट या मुख्य खात्याच्या हक्काने) केलं की सापडतं. ही तिसरी गोष्ट तर मला अजिबात उमगलेली नाही.

बखरवाचक (सोमवार, रात्री १०:२५)

सर, तिसरीपासून सुरू करतो, कारण तिचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. सर्व्हरवर 'एलएस -एल /ईटीसी/होस्ट्स' करून परवानग्या बघा. ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणं) दिसतील असं वाटतं.

एमकेटेम्प तात्पुरती फाइल मुद्दामच अशी बनवतं की ती फक्त मालकाला वाचता यावी. तिच्यात कुणी पासवर्डही ठेवेल, म्हणून ती काळजी. तुम्ही एमव्ही केलंत तेव्हा त्या परवानग्या फाइलबरोबर /ईटीसीमध्ये आल्या. नाव शोधायला बसलेला प्रत्येक प्रोग्रॅम ही फाइल स्वतः वाचतो, ज्याच्या खात्यातून तो चालतो त्याच्या हक्काने. रूटला वाचता येते, तुम्हाला येत नाही. आणि ती वाचता आली नाही तरी कुणी तक्रार करत नाही, शोध मुकाट्याने पुढच्या ठिकाणी जातो. एमव्हीच्या आधी 'सीएचमॉड ६४४' (सगळ्यांना वाचता यावी) एवढी एक ओळ घाला.

आणखी एक. एमकेटेम्पला जागा सांगितली नाही तर तो फाइल /टेम्पमध्ये बनवतो. /टेम्प वेगळ्या फाइलसिस्टमवर असेल तर एमव्ही ही नुसती नावाची अदलाबदल राहत नाही. फाइल कॉपी होते आणि मूळ पुसली जाते. नेमकी त्या क्षणी लाइट गेली तर अर्धवट होस्ट्स फाइल हाती येईल. तात्पुरती फाइल /ईटीसीमध्येच बनवा. मग कुठल्याही क्षणी एक तर पूर्ण जुनी फाइल असेल नाहीतर पूर्ण नवी.

क्रॉनचं कारण साधं आहे. डेबियनवर एआरपी ही आज्ञा /यूएसआर/एसबिनमध्ये असते आणि क्रॉनच्या पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांची यादी) फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन असतात. स्क्रिप्टच्या वरच पाथ लिहून टाका. त्यापेक्षा एआरपी सोडून 'आयपी नेबर' वापरा. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या शेजाऱ्याची अवस्था लिहिलेली असते. 'फेल्ड' आणि 'इन्कम्प्लीट' असलेल्या ओळी सरळ गाळा.

ओळी अक्षरांत लिहितोय, कारण इथे कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि शेलला ती कळत नाहीत.

माळरान (सोमवार, रात्री १०:५२)

६०० च होत्या! सीएचमॉड केल्याबरोबर माझ्या खात्यातून पिंग लागला. चार दिवस नावं तपासत होतो, परवानग्यांकडे नजरच गेली नाही. मनापासून आभार.

रातकिडा (सोमवार, रात्री ११:३०)

लॅब१ आणि लॅब१० बद्दल. सेडला तुम्ही 'लॅब१ असलेली ओळ' सांगता, आणि लॅब१० मध्येही लॅब१ आहेच. पत्त्यातल्या टिंबाचंही तसंच. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शोधायच्या नमुन्यात) टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, म्हणून १९२.१६८.१.१ शोधलं तर १९२.१६८.१०१.५ ची ओळही सापडते. शब्दाच्या कडा बांधता येतात, टिंबांना उलट्या रेघा लावता येतात, पण इथे ऑक जास्त बरा. ऑक ओळीचे शब्द सुटे करतो आणि 'दुसरा शब्द बरोबर लॅब१ आहे का' एवढंच विचारता येतं. बरोबर म्हणजे बरोबर, कमी नाही जास्त नाही.

मी मात्र एकेक ओळ बदलायचंच सोडून दिलंय. फाइलमध्ये दोन खुणेच्या ओळी ठेवतो, दोन्हींच्या सुरुवातीला हॅश: 'लॅबयादी सुरू' आणि 'लॅबयादी समाप्त'. स्क्रिप्ट या दोन खुणांमधलं सगळं टाकून देते आणि नवीन यादी लिहिते. बाहेरच्या ओळींना हात लावत नाही. मग जुनी ओळ राहिली का, दोनदा आली का, हे प्रश्नच उरत नाहीत. आणि उद्या कुणी हाताने एखादी ओळ घातली तर तीही सुरक्षित राहते.

चिंचेचा पार (मंगळवार, सकाळी ७:१५)

मला एक वेगळी शंका येते. नववीचा पेपर लॅब७ च्या ऐवजी लॅब१५ वर गेला तेव्हा एसएसएचने (एससीपी ज्यावर चालतं ती सुरक्षित जोडणी) ओरडायला हवं होतं. पत्ता तोच पण यंत्र वेगळं, असं झालं की 'यजमानाची ओळख बदलली आहे' असा मोठा इशारा येतो आणि जोडणी तुटते. तुमच्याकडे तो आला नाही. सर, सगळे संगणक एकाच डिस्कची नक्कल करून तयार केलेत का?

माळरान (मंगळवार, सकाळी ७:५०)

हो. लॅब१ तयार केला आणि क्लोनझिलाने बाकीच्या २३ वर उतरवला. नंतर प्रत्येकाचं नाव तेवढं बदललं.

चिंचेचा पार (मंगळवार, सकाळी ८:०५)

मग चोवीसही यंत्रांची एसएसएच किल्ली एकच आहे. एसएसएचच्या दृष्टीने तुमच्या कक्षात एकच संगणक आहे, २४ वेळा. म्हणून त्याला फरक कळला नाही. प्रत्येक यंत्रावर /ईटीसी/एसएसएचमधल्या यजमान-किल्ल्या पुसा आणि 'एसएसएच-कीजेन -ए'ने नव्या करा. /ईटीसी/मशीन-आयडीही नवी करून घ्या. तुमच्याकडे नेटवर्कमॅनेजर आहे म्हणून निभावलं. त्याच्या जागी सिस्टमडी-नेटवर्कडी असतं तर तो डीएचसीपीला (पत्ते वाटणारी सेवा) स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून सांगतो, आणि नक्कल केलेल्या यंत्रांना राउटर एकच पत्ता देत बसतो. मी एकदा दोन दिवस त्या दुखण्याच्या मागे घालवले आहेत.

हे आधी करा. पत्ता चुकला तरी पेपर चुकीच्या वर्गात जाणार नाही, कारण एसएसएच मध्येच थांबवेल.

वाटसरू२७ (मंगळवार, दुपारी १:१०)

स्क्रिप्ट कशाला पाहिजे? राउटरमध्ये प्रत्येक मॅकला पत्ता राखून ठेवा, विषय संपला.

माळरान (मंगळवार, दुपारी १:४०)

पासवर्ड असता तर तेच केलं असतं हो. राउटर त्यांच्या मालकीचा आहे, रीसेट केला तर जोडणीच जाते आणि ती परत लावायला माणूस यायला आठवडा लागतो. हे एकदा अनुभवलं आहे.

पैलतीर (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

ॲव्हाही बसवून पाहिलंत का? प्रत्येक यंत्र आपलं नाव स्वतःच सांगतं. कुणीतरी 'लॅब७.लोकल कोण?' असं २२४.०.०.२५१ या गट-पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर विचारतं आणि लॅब७ स्वतः उत्तर देतो. मध्यस्थ नाही, यादी नाही, होस्ट्स फाइल नाही. माझ्या घरी रास्पबेरी पाय आणि छपाईयंत्र गेली कित्येक वर्षं असंच सापडतं.

माळरान (मंगळवार, रात्री ९:२०)

गेल्या वर्षी बसवलं होतं. निम्मे संगणक सापडायचे, बाकीचे लॅब१-२.लोकल, लॅब१-३.लोकल असे दिसायचे. तेव्हा कंटाळून काढून टाकलं.

पैलतीर (मंगळवार, रात्री ९:४५)

ती त्याच नकलेची खूण आहे. एकाच नावाची दोन यंत्रं दिसली की ॲव्हाही दुसऱ्याच्या नावाला -२ जोडतं. काही यंत्रांचं नाव तेव्हा बदलायचं राहिलं असणार. 'होस्टनेमसीटीएल'ने सगळ्यांची नावं एकदा नीट लावा आणि पुन्हा करून बघा. /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फमध्ये होस्ट्सच्या ओळीवर 'एमडीएनएस४_मिनिमल' हा शब्द डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आधी आहे ना, तेही बघा.

सुपारीची बाग (बुधवार, सकाळी ६:४५)

मी कुडाळची. ग्रामपंचायती आणि दवाखान्यांची नेटवर्कं लावून देते. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते, त्यामुळे सरांचं दुखणं मला पाठ आहे.

आधी लाइट आल्यावर काय होतं ते नीट सांगते. संगणक जुना पत्ता विसरलेला नसतो. तो उठतो तेव्हा 'मला मागचाच पत्ता दे' असं मागतो. प्रमाणाप्रमाणे, ज्या सर्व्हरकडे त्याची नोंद नाही त्याने गप्प बसायचं असतं. पण पुष्कळ राउटर गप्प न बसता सरळ नकार देतात, आणि मग संगणकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते: शोध, देकार, मागणी, मंजुरी. शिवाय काही संगणक राउटर तयार व्हायच्या आधीच उठलेले असतात. म्हणून एका दिवशी पाच पत्ते बदलतात, दुसऱ्या दिवशी पंधरा.

आता स्क्रिप्टबद्दल. पिंग आणि एआरपी म्हणजे बाहेरून अंदाज घेणं. यंत्र बंद असेल, फायरवॉल असेल, यादी शिळी असेल, की अंदाज चुकला. पत्ता कुणाला नक्की ठाऊक असतो? ज्याला मिळाला त्याला आणि ज्याने दिला त्याला. यादी या दोघांपैकी एकाने लिहावी असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्याला मिळाला त्याने सांगायचं तर नेटवर्कमॅनेजरमध्ये सोय आहे. /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/डिस्पॅचर.डी या फोल्डरमध्ये ठेवलेली स्क्रिप्ट प्रत्येक बदलाला आपोआप चालते. पहिला आर्ग्युमेंट इंटरफेसचं नाव, दुसरा काय घडलं ते. तुम्हाला 'अप' आणि 'डीएचसीपी४-चेंज' एवढेच दोन हवेत. फाइलचा मालक रूट हवा, ती चालवण्याजोगी हवी, आणि गटाला किंवा इतरांना तिच्यात लिहिता येता कामा नये. यातलं काही चुकलं तर नेटवर्कमॅनेजर ती चालवतच नाही, आणि आपण स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतो.

ती स्क्रिप्ट फक्त सर्व्हरला एसएसएच करेल. पत्ता पाठवायचाही नाही! सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड_कीज फाइलमध्ये प्रत्येक यंत्राच्या किल्लीपुढे ठरलेली आज्ञा लिहा: ही किल्ली आली की 'नोंद लॅब७' एवढंच चालेल, दुसरं काही नाही. आणि पत्ता एसएसएच_कनेक्शन या चलातून घ्या. त्यातला पहिला शब्द म्हणजे जोडणी जिथून आली तो पत्ता. नाव किल्लीवरून, पत्ता जोडणीवरून. मुलाने लॅब७ वर बसून कितीही खटपट केली तरी लॅब१२ च्या नावाने नोंद करू शकत नाही. होस्ट्स फाइल ही गावच्या पाटीसारखी आहे, कुणालाही तिच्यावर काहीही लिहू देऊ नका. एखाद्याने बँकेच्या नावापुढे भलता पत्ता लिहिला तर केवढ्याला पडेल!

बखरवाचक (बुधवार, सकाळी ९:३०)

ताईंचा प्रतिसाद सुंदर. त्यात एका गोष्टीची भर घालतो. लाइट आली की २४ यंत्रं एकाच मिनिटात नोंद करायला येतील. दोन नोंदींनी एकाच वेळी जुनी फाइल वाचली, दोघींनी आपापली ओळ घातली, तर नंतर लिहिणारीची फाइल टिकते आणि आधीचीची ओळ हरवते. त्यासाठी एफलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) वापरा, पण कुलूप /ईटीसी/होस्ट्सवर लावू नका. एमव्हीनंतर त्या नावाची फाइल वेगळीच झालेली असते. जुन्या फाइलच्या कुलपापाशी थांबलेला एकजण आणि नव्या फाइलला कुलूप लावणारा दुसरा, दोघेही एकदम आत शिरतात. कुलपासाठी /रन/लॉकमध्ये वेगळी रिकामी फाइल ठेवा. तिला कुणी हलवत नाही, म्हणून कुलूप खरं राहतं.

माळरान (बुधवार, दुपारी २:१५)

वर्ग संपवून दोनदा वाचलं. एक गोष्ट अडते आहे. लॅब७ ने सर्व्हरला एसएसएच करायचं, पण सर्व्हरचाही पत्ता बदलतो. तो लॅब७ ला कसा सापडणार?

सुपारीची बाग (बुधवार, दुपारी २:४०)

बरोबर पकडलंत. त्या एका नावापुरतं ॲव्हाही ठेवता येईल, वाचनालय.लोकल. पण मला वाटतं ही अडचणच सांगते आहे की यादी देणाऱ्याने लिहायला हवी. रात्री सविस्तर लिहिते.

पैलतीर (बुधवार, संध्याकाळी ७:००)

अवांतर वाटेल, पण सरांचा प्रश्न इंटरनेटच्या जन्मापासूनचा आहे म्हणून लिहितो. अर्पानेटवर (इंटरनेटचा पूर्वज) सुरुवातीला सगळ्या यंत्रांची एकच होस्ट्स फाइल होती. ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट सांभाळायचा. नवीन यंत्र आलं की त्यांना कळवायचं, त्या फाइलमध्ये नोंद करायच्या आणि बाकीचे ती फाइल उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तसं ते एका जागेच्या आवाक्याबाहेर गेलं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी (इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) ८८२ आणि ८८३ लिहून डीएनएस मांडलं. आज चालतं ते रूप १९८७ च्या १०३४ आणि १०३५ मधलं. पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीचं पहिलं प्रमाण १९९३ चं. म्हणजे नावं सांभाळणारा आणि पत्ते वाटणारा हे मुळात दोन वेगळे कारकून आहेत, एकमेकांशी न बोलणारे. सरांच्या कक्षात नेमकं तेच दिसतंय.

सुपारीची बाग (बुधवार, रात्री १०:१०)

पैलतीर, फार छान लिहिलंत. त्या दोन कारकुनांना एका टेबलावर बसवणारा प्रोग्रॅम म्हणजे डीएनएसमास्क. तो पत्ते वाटतो आणि नावांची उत्तरंही तोच देतो. लॅब७ पत्ता मागताना आपलं नाव सांगतो, डीएनएसमास्क पत्ता देतो, आणि त्याच क्षणापासून 'लॅब७ कुठे आहे' याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. कुठलीही फाइल कुणाला पाठवावी लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, राउटरचा डीएचसीपी बंद केल्याशिवाय हे कसं होणार, आणि पासवर्ड तर नाही. राउटरला हात लावायचाच नाही. सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवा, यूएसबीचं चालेल. एक कार्ड राउटरकडे, दुसरं कक्षातल्या स्विचकडे. राउटर ते स्विच ही थेट वायर काढून टाका. राउटरला आता कक्षातला एकटा सर्व्हर दिसेल. आणि सर्व्हरच्या कक्षाकडच्या कार्डाला पत्ता तुम्ही देता, तो कधीच बदलणार नाही. कक्षासाठी वेगळी पत्त्यांची माळ घ्या: सर्व्हर १०.२४.०.१, मुलांना १०.२४.०.५० पासून १०.२४.०.१५० पर्यंत. इंटरनेट पुढे जाण्यासाठी सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं आणि एनएफटेबल्समध्ये मास्करेडची (कक्षातल्या मागण्या सर्व्हरच्या पत्त्याने पुढे पाठवणं) एक ओळ.

एक गोष्ट हात जोडून सांगते. डीएनएसमास्कला 'इंटरफेस' या ओळीत फक्त कक्षाकडचं कार्ड लिहून द्या. ते राहिलं तर तो राउटरच्या बाजूलाही कान देऊन बसेल, आणि तिकडे चुकून पत्ते वाटले तर मुख्याध्यापकांच्या खोलीतलं इंटरनेट बंद पडेल. एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोन झाले की कुणाला कुणाचा पत्ता मिळेल याचा नेम नाही.

'डीएचसीपी-ऑथॉरिटेटिव्ह' (इथे पत्ते वाटणारा मी एकटाच) चालू ठेवा. कक्षाच्या डोमेनला 'लोकल' नाव देऊ नका, ते ॲव्हाहीचं आहे. होम.आर्पा हे घरगुती जाळ्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे, लॅब.होम.आर्पा असं घ्या.

आणि तुमची स्क्रिप्ट वाया जात नाही! डीएनएसमास्कला 'डीएचसीपी-स्क्रिप्ट' या ओळीत तिचा रस्ता द्या. पत्ता दिला, बदलला किंवा सुटला की तो तिला स्वतः बोलावतो: पहिला शब्द 'ॲड', 'ओल्ड' किंवा 'डेल', मग मॅक, मग पत्ता, मग नाव असेल तर नाव. हजेरीची नोंद करा, कुठला संगणक किती वाजता उठला ते लिहा. वाटलेल्या पत्त्यांची यादी /वार/लिब/मिस्क/डीएनएसमास्क.लीजेसमध्ये असते. एका ओळीत पाच शब्द: मुदत कधी संपते ते सेकंदांत, मॅक, पत्ता, नाव आणि क्लायंटची ओळख. लाइट गेली तरी ती डिस्कवर राहते, म्हणून तुमचा सर्व्हर त्या राउटरसारखा विसरणार नाही.

चिंचेचा पार (गुरुवार, सकाळी ८:२०)

ताईंशी सहमत, पण दुसरी बाजूही लक्षात असू द्या. आता सर्व्हर बंद तर अख्ख्या कक्षाचं इंटरनेट बंद. आणि जुना संगणक उठायला वेळ लावतो, तोवर बाकीचे पत्ता मागून थकतात. थोड्या वेळाने पुन्हा मागतात, पण मुलं तेवढी थांबत नाहीत. सर्व्हर आणि स्विच तरी इन्व्हर्टरवर घ्या.

माळरान (गुरुवार, रात्री ९:००)

सर्व्हर कार्यालयाच्या इन्व्हर्टरवर घ्यायची परवानगी आज मिळाली. स्विचसाठी वायर ओढावी लागेल, शिपाईमामा रविवारी येतो म्हणालेत. कार्ड साताऱ्याहून मागवलं आहे. तोपर्यंत रातकिड्याने सांगितलेल्या खुणांच्या पद्धतीने जुनी स्क्रिप्ट चालू आहे, आणि गेले दोन दिवस एकही ओळ चुकलेली नाही. एसएसएचच्या किल्ल्या २४ पैकी २४ यंत्रांवर नव्या केल्या.

माळरान (पुढचा मंगळवार, दुपारी ३:३०)

धागा वर काढतोय. रविवारी सगळं बसवलं. सगळ्या यंत्रांना १०.२४.०. चे पत्ते मिळाले, इंटरनेट चालतंय, लॅब१ वरून लॅब१५ ला नावाने पिंग लागतो. होस्ट्स फाइलमधला खुणांमधला भाग सगळीकडून काढून टाकला.

पण नेमकं वाचनालय उघडत नाही. कुठल्याही संगणकावर ब्राउझरमध्ये वाचनालय टाकलं की जोडणी नाकारली असं येतं. १०.२४.०.१ टाकलं तर किविक्स लगेच उघडतं. पाचवीचा तास साडेचारला आहे.

रातकिडा (दुपारी ३:३८)

लॅब३ वर 'गेटएंट होस्ट्स वाचनालय' करून काय येतं ते सांगा. एनएसलुकअप नको, तो थेट डीएनएसलाच विचारतो, तिथली होस्ट्स फाइल वाचत नाही, त्यामुळे ब्राउझरला काय दिसतंय ते त्याच्यातून कळत नाही.

माळरान (दुपारी ३:४६)

१२७.०.१.१ वाचनालय.

रातकिडा (दुपारी ३:५१)

सापडलं सर. डेबियन बसवताना यंत्राचं स्वतःचं नाव /ईटीसी/होस्ट्समध्ये १२७.०.१.१ पुढे लिहून ठेवतं. सर्व्हरपुरतं ते ठीक. पण डीएनएसमास्क सर्व्हरची होस्ट्स फाइल वाचतो आणि तेच उत्तर सगळ्या कक्षाला देतो. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. लॅब३ वाचनालय शोधत स्वतःचंच दार वाजवतोय, आणि तिथे किविक्स नाही.

सर्व्हरवरच्या त्या ओळीत १२७.०.१.१ च्या जागी १०.२४.०.१ लिहा आणि डीएनएसमास्कला साइगहप हा संदेश पाठवा. तेवढ्याने तो होस्ट्स फाइल पुन्हा वाचतो, बंद करून चालू करायची गरज नाही. लॅब यंत्रांवरची त्यांची स्वतःची १२७.०.१.१ ची ओळ मात्र तशीच राहू द्या.

माळरान (संध्याकाळी ५:२०)

उघडलं. साडेचारला पाचवीची मुलं आली तेव्हा २२ संगणकांवर वाचनालय चालू होतं. दोघांचे माउस बिघडलेत, ते वेगळं. पहिल्या बाकावरच्या मुलीने सगळ्यात आधी 'माणगंगा' शोधली.